घरच्या टाकीतले मशरूम कोरल : थोडी काळजी, पुष्कळ धीर

गणेशोत्सवात आरतीला घरी येणारी मंडळी प्रसाद घेऊन निघताना दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीपाशी हटकून थांबतात. खडकावर पसरलेल्या लाल-निळ्या चकत्यांकडे बोट दाखवून कोणी विचारते, "हे फूल आहे का?" लहान मुले विचारतात, "खरं आहे की प्लास्टिकचं?" ते फूलही नाही आणि प्लास्टिकही नाही. तो प्राणी आहे. समुद्रात वाढणाऱ्या या प्राण्याला हौशी लोक मशरूम कोरल म्हणतात, कारण वरून पाहिले की तो भुछत्रासारखा दिसतो.

मंडळातल्या आणखी काही घरांत आता खाऱ्या पाण्याच्या टाक्या आल्या आहेत आणि "पहिले कोरल कोणते आणावे?" असे आम्हाला वारंवार विचारले जाते. म्हणून इतक्या वर्षांत आम्ही जे शिकलो, चुकलो आणि सुधारले, ते येथे एकत्र लिहीत आहोत. मशरूम कोरल हे नवशिक्यासाठी चांगले कोरल आहे. ते उपाशी राहून किंवा थोड्या दुर्लक्षाने सहसा मरत नाही. बहुतेक वेळा ते मरते आपल्या अति काळजीने, हे मात्र आरंभीच ध्यानात ठेवावे.

हा प्राणी नेमका कसा असतो

मशरूम कोरलचा पाय खडकाला धरून असतो, वर पसरट चकती असते आणि चकतीच्या मध्यावर तोंड असते. अंगात हाड किंवा चुनखडीचा सांगाडा नसतो. कुळाने ते दगडी प्रवाळांच्या जवळचे, पण सांगाडा न बांधणारे.

त्याच्या त्वचेत सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. मोबदल्यात त्याला राहायला जागा आणि कोरलच्या शरीरातून बाहेर पडणारी द्रव्ये खतासारखी मिळतात. म्हणजे आपण टाकीत एक प्राणी ठेवला असला, तरी सांभाळायची असते ती या दोघांची भागीदारी.

आपल्याकडे मिळणारे प्रकार मुख्यतः चार. डिस्कोसोमा गुळगुळीत चकतीचे, लाल, निळे किंवा ठिपक्यांचे आणि सर्वांत सोशिक. रोडॅक्टिस अंगाने खडबडीत, केसाळ आणि थोडे मोठे. रिकॉर्डिया दिसायला सर्वांत सुंदर, चकतीवर द्राक्षाच्या बारीक मण्यांसारखे दाणे, पण त्यातली युमा ही जात नाजूक. चौथे हत्तीकान, म्हणजे अँप्लेक्सिडिस्कस. ते फूटभर रुंद होऊ शकते आणि कडा वर उचलून पिशवीसारखे मिटून लहान मासा गिळते. लहान मासे असलेल्या टाकीत ते नको. पहिल्यांदा आणायचे तर डिस्कोसोमाच आणावे.

एक नाव, दोन प्राणी

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. फंजिया नावाचे एक दगडी प्रवाळ आहे, त्यालाही इंग्रजीत मशरूम कोरलच म्हणतात. ते खडकाला न चिकटता वाळूवर सुटे पडलेले असते. मऊ मांसाखाली कडक चुनखडीची तबकडी असते आणि भुछत्राच्या खालच्या बाजूला जशा पात्या दिसतात, तशा पात्या तिच्यावर असतात.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही अनुसूची. दुकानदाराने "मशरूमच आहे, साहेब" म्हणून कडक तबकडीचा प्राणी पुढे केला, तर तो घेऊ नये. बोटाला सांगाडा लागतो का, एवढे पाहिले तरी पुरते.

बडोद्यातून आपल्यापैकी बरेच जण जामनगरकडे नरारा किंवा पिरोटनला ओहोटीच्या वेळी प्रवाळ पाहायला जातात, कोकणात मालवणला जातात. तेथून प्रवाळ तर नाहीच, पण वाळलेला तुकडा किंवा "टाकीसाठी छान दिसेल" असा खडकही उचलून आणू नये. कच्छच्या आखातातले ते क्षेत्र १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि कायदा मेलेल्या सांगाड्यालाही लागू होतो. मशरूम कोरलही समुद्रातून काढलेले न घेता, कोणा हौशी माणसाने स्वतःच्या टाकीत वाढवून कापलेला तुकडा घ्यावा. असा तुकडा टाकीच्या पाण्याला आधीच सरावलेला असल्याने तो अधिक चांगला जगतो.

टाकी आधी मुरू द्यावी

टाकी आणली, पाणी भरले आणि दुसऱ्या दिवशी कोरल सोडले, असे करून चालत नाही. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. खडकावर आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंची वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. दुसऱ्या चालत्या टाकीतला एखादा खडक मिळाला, तर तो विरजणासारखे काम करतो, पण विरजण लावल्यावरही दही लागायला वेळ द्यावाच लागतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावरही आणखी महिना-दोन महिने थांबावे आणि मगच कोरल आणावे.

पाणी आणि मीठ

खंभातचे आखात आपल्याला जवळ आहे, म्हणून तेथून कॅन भरून पाणी आणण्याचा विचार काहींच्या मनात येतो. ते पाणी चालणार नाही. मोठ्या भरती-ओहोटीने आणि मही-नर्मदेच्या गाळाने ते गढूळ असते आणि नदीचे गोडे पाणी मिसळल्याने त्याचा खारेपणाही बदलत राहतो. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्लोरीन, क्षार आणि कधी धातूंचे अंश असतात. म्हणून आरओ आणि त्यापुढे डीआय गाळणी लावलेले, टीडीएस शून्याजवळ असलेले पाणी घ्यावे आणि त्यात समुद्री टाक्यांसाठी मिळणारे मीठ मिसळावे. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर बरेच काही असते. खारेपणा लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला सुमारे साडेतीन किलो मीठ. रिफ्रॅक्टोमीटरवर हे १.०२५ ते १.०२६ दिसते.

आपल्या घरांसाठी एक खास सूचना. हे पाणी तांब्या-पितळेच्या हंड्या-कळशीत कधीही भरू नये. तांबे आपल्याला मानवत असेल, पण कोरल, गोगलगाई आणि कोळंबी यांना ते अगदी थोड्या प्रमाणातही मारक असते. माशांच्या रोगावर दिली जाणारी पुष्कळ औषधे तांब्याची असतात. तीही कोरलच्या टाकीत टाकू नयेत. आजारी मासा वेगळ्या टाकीत ठेवावा. पाण्यासाठी प्लास्टिकची स्वच्छ बादली ठेवावी आणि ती दुसऱ्या कशाला वापरू नये.

तपासणीचे आकडे असे असावेत : क्षारता ८ ते १० डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, नायट्रेट ५ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१. मशरूम सांगाडा बांधत नसल्याने कॅल्शियमसाठी जीव टाकू नये. मात्र नायट्रेट पार शून्यावर आणण्याचा हट्टही धरू नये. फार "स्वच्छ" पाण्यात मशरूम आक्रसतात, रंग सोडतात. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलणे पुरेसे आहे.

उन्हाळा आणि आटणारे पाणी

आपल्या शहरात या छंदाची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. मशरूमला २४ ते २७ अंश तापमान मानवते. २८ च्या वर ते फार काळ जाऊ देऊ नये. बाहेर ४२-४३ अंश असताना बंद घरातली टाकी सहज ३२ वर जाते.

यावर पहिला उपाय माठाचाच आहे. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, म्हणून टाकीचे झाकण काढून पृष्ठभागावर लहान पंखा तिरका लावला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो. जून-जुलैत हवा दमट झाली की माठातले पाणी जसे गार होत नाही, तसाच पंखाही निकामी ठरतो. गोव्याच्या किंवा मुंबईच्या नातेवाइकांना हा सल्ला देताना हे लक्षात ठेवावे. तेथे चिलर किंवा खोलीचा एसी हाच उपाय. उन्हाळ्यात दिवे दुपारी न लावता संध्याकाळी ४ ते रात्री १२ लावले, तर टाकीला दुहेरी ताप होत नाही.

पंखा लावला की पाणी आटते आणि येथे नवशिके हमखास चुकतात. वाफ फक्त पाण्याची होते, मीठ मागेच राहते. १०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी गेले आणि पाच दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर खारेपणा ३५ वरून जवळजवळ ३९ वर जातो. रस्सा आटला की आपण त्यात पाणी घालतो, मीठ नाही. येथेही तसेच. काचेवर एक खूण करावी आणि रोज त्या खुणेपर्यंत गोडे आरओ-डीआय पाणी भरावे.

वीज गेली तर दिवे बंद राहिले तरी चालते. मशरूम एक-दोन दिवस अंधार सहज सोसतात. पाणी हलवणारा पंप मात्र इन्व्हर्टरवर असावा किंवा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो आणि आधी मासे जातात.

प्रकाश आणि प्रवाह : आमची पहिली चूक

आमची पहिली दोन मशरूम दोन आठवड्यांत गेली. कोरलला प्रकाश लागतो, एवढेच आम्ही वाचले होते. म्हणून त्यांना सर्वांत वरच्या खडकावर, एलईडीच्या थेट खाली, पंपाच्या झोतासमोर ठेवले. तिसऱ्या दिवशी ती आक्रसली. आम्ही घाबरून जागा बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलली. कोणीतरी सांगितले म्हणून खाऊ घातले, आणखी कोणी सांगितले म्हणून अर्धे पाणी बदलले. दहाव्या दिवशी ती पांढरी पडली, मग चिकट होऊन विरघळली. आम्ही रोज काहीतरी करत होतो आणि त्यांना हवे होते की आम्ही काहीच करू नये.

आता आम्ही नवे मशरूम तळाशी, वाळूजवळ, खडकाच्या थोड्या सावलीत ठेवतो. मोजमाप करणाऱ्यांनी पारचा आकडा ५० ते १०० ठेवावा. पहिले दोन-तीन आठवडे प्रकाश निम्म्यावर ठेवून हळूहळू वाढवावा. दिवसाला ८ तास पुरे. प्रवाह इतका मंद असावा की चकतीची कड जेमतेम हलावी. एकदा जागा ठरली की दोन आठवडे तिला हात लावू नये. पहिले काही दिवस ते मिटून बसेल. बसू द्यावे.

पांढरे पडणे म्हणजे काय, हेही आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. फार उष्णता किंवा फार प्रकाश झाला की आतल्या शैवालाची भागीदारी मोडते, कोरल त्याला बाहेर टाकते आणि रंग जातो. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्राचे पाणी तापल्यावर लक्षद्वीपच्या प्रवाळांचे हेच झाले. आपण टाकीतला प्रकाश कमी करू शकतो. समुद्राला तशी सोय नाही.

खडकावर बसवणे

मशरूमच्या अंगावर चिकट स्राव असतो, त्यामुळे इतर कोरलसारखे ते गोंदाने चिकटत नाही. त्याने स्वतःच पाय रोवावा लागतो. एका लहान प्लास्टिकच्या डबीत खडकाचे लहान तुकडे पसरावेत, वर मशरूम ठेवावे आणि तोंडाला नेटचे कापड रबराने बांधावे. डबी मंद प्रवाहात ठेवली की ७ ते १५ दिवसांत ते एखाद्या तुकड्याला धरते. मग तो तुकडाच गोंदाने हव्या त्या जागी लावावा. कापड नवीन आणि धुतलेले असावे. डासांचे औषध लावलेली मच्छरदाणी कापून वापरू नये.

शक्यतो मशरूमसाठी वाळूवर एक सुटा खडक द्यावा. मुख्य खडकावर ती पसरली की काढणे कठीण, कारण पायाचा राहिलेला कणही पुन्हा वाढतो. दुसऱ्या कोरलपासून चार बोटे अंतर ठेवावे. मशरूम दिसायला गरीब, पण स्पर्शाने आणि पाण्यात सोडलेल्या द्रव्यांनी शेजाऱ्याला हटवते. फिल्टरमध्ये थोडा सक्रिय कोळसा ठेवला, तर हा त्रास कमी होतो.

खाणे आणि घरातली औषधे

प्रकाश ठीक असेल, तर मशरूमला वेगळे खाऊ घातले नाही तरी चालते. हौस म्हणून आठवड्यातून एकदा, पंप बंद करून, मायसिससारख्या गोठवलेल्या कोळंबीचा बारीक तुकडा चकतीवर ठेवावा. घेतला नाही तर काढून टाकावा.

एका दिवाळीत आम्ही आठ दिवस गावाला गेलो होतो. शेजारच्या काकूंनी माशांना प्रेमाने सकाळ-संध्याकाळ मूठमूठ खाणे घातले. परतलो तेव्हा पाणी दुधट झाले होते आणि एक मासा गेला होता. मशरूम मात्र मिटून तग धरून होती. दोष काकूंचा नव्हता, आमचा होता. आता आम्ही रोजच्या खाण्याच्या पुड्या बांधून, त्यावर वार लिहून ठेवतो आणि बाकीचा डबा कपाटात बंद करतो.

टाकीच्या खोलीत डासांचा फवारा, रूम फ्रेशनर आणि दिवाळीपूर्वीचा रंग यांची काळजी घ्यावी. टाकीत हात घालण्यापूर्वी हाताला साबण, सॅनिटायझर किंवा तेल नसावे. हातमोजे घातलेले उत्तम.

लक्षणे ओळखावीत

मशरूम देठ उंच करून कर्ण्यासारखे वर ताणले जात असेल, तर त्याला प्रकाश कमी पडतो. चपटे, लहान आणि फिके होत असेल, तर प्रकाश जास्त आहे. तोंडातून पांढरे धागे बाहेर येत असतील, तर ते त्रासात आहे. आधी खारेपणा आणि तापमान तपासावे. खडक सोडून तरंगत असेल, तर जागा मानवलेली नाही. पुन्हा जाळीच्या डबीत ठेवावे. अंग बुळबुळीत होऊन विरघळू लागले आणि वास येऊ लागला, तर मात्र वाट पाहू नये. नळीने ओढून लगेच बाहेर काढावे, नाहीतर पाणी बिघडते.

एका वेळी एकच बदल करावा आणि आठवडाभर पाहावे. वहीत तारीख, तापमान आणि खारेपणा लिहीत गेले, तर अर्धे प्रश्न वहीच सोडवते.

वाढले की वाटावे

मनाजोगी जागा मिळाली की मशरूम आपोआप वाढते. ते सावकाश सरकते आणि सरकताना पायाचा तुकडा मागे सोडते. त्याचे काही आठवड्यांत पिल्लू होते. कधी एका चकतीला दोन तोंडे येऊन तिची दोन होतात. कापून वाढवायचे असल्यास ते निरोगी, निदान ५ सेंटीमीटर रुंद आणि काही महिने घरात रुळलेले असावे. टाकीतलेच पाणी घेतलेल्या वेगळ्या भांड्यात, धारदार नव्या ब्लेडने, तोंडाच्या मधून कापावे, म्हणजे प्रत्येक भागाला तोंडाचा अंश मिळतो. हातमोजे आणि चष्मा घालावा. तुकडे जाळीच्या डबीत ठेवावेत. दोन-तीन आठवड्यांत ते गोल होतात. रिकॉर्डियावर मात्र पहिला प्रयोग करू नये.

आमच्या टाकीत आज जी लाल मशरूम आहेत, ती सारी एका स्नेह्याने दिलेल्या रुपयाएवढ्या तुकड्याची लेकरे आहेत. पूर्वी शेजारी विरजण मागायला येत, तुळशीचे रोप घेऊन जात. त्याच रीतीने हा तुकडा आता मंडळातल्या तीन घरांत पोचला आहे. असे एका घरातून दुसऱ्या घरात गेलेले प्रत्येक मशरूम म्हणजे समुद्रातून न काढलेले एक मशरूम.

ज्या सभासदांची टाकी तीन महिने चालून स्थिर झाली आहे, त्यांनी पाण्याची वही घेऊन आमच्याकडे जरूर यावे. तुकडा देऊ, पैसे घेणार नाही. अट एकच : पहिले दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही.